साहेबाचे कट्टे, दोन ग्रहणं आणि हेलियम

देवगडकडच्या एका शाळेतल्या बाईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. दरवर्षी १८ ऑगस्टला त्या मुलांना घेऊन विजयदुर्गावर जातात, तिथले साहेबाचे कट्टे दाखवतात आणि १८६८ साली नॉर्मन लॉकियर साहेबाने याच कट्ट्यांवर दुर्बीण लावून खग्रास ग्रहणात हेलियमचा शोध लावला असं सांगतात. यंदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, लॉकियर तर तेव्हा लंडनला होता असं मी वाचलंय, मग इथून शोध कसा लागला? तर मुलांना आता काय सांगायचं, मग हे कट्टे नक्की कशाचे, आणि १८ ऑगस्टची सहल बंद करायची का?

आधी उत्तर देऊन टाकतो, पाल्हाळ नंतर. मुलगी बरोबर बोलतेय. १८ ऑगस्ट १८६८ ला लॉकियर विजयदुर्गावर नव्हता, हिंदुस्थानातच नव्हता. पण कट्टे खोटे नाहीत आणि साहेबही खोटा नाही, तो खरंच विजयदुर्गाला आला होता, फक्त तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोपर्यंत हेलियम पृथ्वीवर सापडूनसुद्धा तीन वर्षं होत आली होती. दोन ग्रहणांची कुणीतरी एकच गोष्ट करून टाकली आणि ती आता बातम्यांपासून सहलीच्या माहितीपत्रकांपर्यंत सगळीकडे तशीच छापली जाते. मी आयुष्यभर कॉलेजात बीएस्सीच्या पोरांकडून वर्णपटाचे, म्हणजे प्रकाश फोडला की पडणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचे, प्रयोग करून घेतले, शिवाय किल्ल्यावर लोकांना घेऊन जायची हौस, त्यामुळे हा प्रश्न मला कट्ट्यांवरच बऱ्याचदा ऐकावा लागतो. "सायबाक हयच हेलियम गावलो मा?" असं कुणीतरी अभिमानाने विचारतं आणि मग मला तासभर बोलावं लागतं. तेच आता लिहितोय.

१८६८ चं ग्रहण आपल्यावरून गेलं एवढं मात्र शंभर टक्के खरं. सावलीचा पट्टा एडनकडून अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आला, तिथून विजापूर, जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा आडवा हिंदुस्थान कापत बंगालच्या उपसागरात उतरला आणि पुढे सयामकडे, म्हणजे आजच्या थायलंडकडे गेला. विजयदुर्ग त्या पट्ट्यात होतं. ग्रहणही साधंसुधं नाही, जास्तीत जास्त खग्रास काळ ६ मिनिटं ४७ सेकंद, गुंटूरलाच साडेपाच मिनिटांच्या वर, म्हणून युरोपातले लोक दोन-दोन वर्षं आधीपासून तयारीला लागलेले. सयामचा राजा मोंगकुट याने तर स्वतः गणित करून ग्रहणाची वेळ आणि जागा काढली, पाहुण्यांना घेऊन वाको नावाच्या गावी जंगलात तळ ठोकला, ग्रहण बरोब्बर दिसलं, आणि तिथे मलेरिया लागून १ ऑक्टोबरला बिचारा गेला. असं गणित आपल्याकडेही अनोळखी नव्हतं हं. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्येच छापून आली होती, म्हणजे मराठीत बसून ग्रहणाचा हिशोब करता येत होता.

पण बाई, तारीख बघा ना. १८ ऑगस्ट! आपण कोकणातली माणसं, आपल्याला हे सांगायला नको. ऑगस्टमध्ये देवगड-विजयदुर्गाला आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही, आणि हजारो मैलांवरून काचेचे लोलक आणि दुर्बिणी बोटीतून आणणारा शहाणा माणूस पाच मिनिटांच्या खेळासाठी ऐन पावसाळ्यात आपला किनारा निवडेल? निवडला नाहीच. घाटाच्या पलीकडे, पाऊस कमी पडतो तिकडे त्यांनी तळ टाकले. रॉयल सोसायटीने पाठवलेला लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला बसला. हा युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, आणि जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, जे पटवर्धन मूळचे आपल्या रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. कोकणाचा संबंध जोडायचाच असेल तर हा घ्या, निदान खरा तरी आहे! कॅप्टन हेग विजापूरला होता, मेजर टेनंट आणि फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन दोघंही गुंटूरला, मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉगसन मछलीपट्टणला, आणि त्याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी निजामाच्या मुलखात वनपर्तीला स्वतंत्र तुकडी घेऊन. (रघुनाथाचारी हे नाव मुलांना जरूर सांगा, आदल्याच वर्षी त्यांनी एक रूपविकारी तारा शोधला होता, म्हणजे ज्याचा प्रकाश कमीजास्त होतो असा तारा, आपल्या पुस्तकांत मात्र हे नाव कुठे दिसत नाही.) एवढं करून जमखंडीला ढग आलेच, हर्शेलला ढगांच्या फटीतून मिळेल तेवढंच बघावं लागलं. घाटापलीकडे ही स्थिती, तर विजयदुर्गाची काय असेल ते तुम्हीच बघा.

या सगळ्यांना बघायचं काय होतं? खग्रास झालं की काळ्या चकतीच्या कडेला लालसर ज्वाला दिसतात, त्या कशाच्या बनल्यात. १८५९-६० मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं होतं की प्रत्येक मूलद्रव्य तापलं की वर्णपटात स्वतःच्या ठराविक रेषा उमटवतं, त्यावरून त्यांनी सीझियम आणि रुबिडियम अशी दोन नवीन मूलद्रव्यंसुद्धा शोधली. मग तीच युक्ती सूर्याला लावायची. ग्रहणात ज्वालांचा प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमध्ये, म्हणजे प्रकाश फोडून वर्णपट दाखवणाऱ्या यंत्रात घेतला आणि सगळ्यांना सुट्या सुट्या चकाकणाऱ्या रेषा दिसल्या, म्हणजे ज्वाला वायूच्या आहेत हे नक्की झालं. एक रेषा लाल, एक निळसर, या हायड्रोजनच्या. आणि एक पिवळी.

ही पिवळी रेषा म्हणजेच पुढचं हेलियम. आणि गंमत अशी की त्या दिवशी तिच्याकडे बघून कुणालाही "नवीन काहीतरी सापडलं" असं वाटलं नाही. सोडियमच्या पिवळ्या रेषा सगळ्यांना पाठ होत्या, त्यांना डी म्हणायचे, तर बहुतेकांनी हीही डीच म्हणून लिहून टाकली. पॉगसनने डीवर किंवा तिच्या अगदी जवळ अशी नोंद केली, पण त्याचा अहवाल मद्रासलाच छापला गेला आणि फारसा कुणी वाचला नाही. जान्सेनने हेलियम शोधल्याचा दावा कधी केलाच नाही. म्हणजे "१८ ऑगस्ट १८६८, हेलियमचा शोध" हे वाक्य विजयदुर्गासाठीच नाही, गुंटूरसाठीसुद्धा थोडं ओढून ताणूनच आहे.

का कळलं नाही त्यांना, ते आकड्यांत बघा. सोडियमच्या दोन रेषा, तरंगलांबीत मोजल्या तर, ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला. हेलियमची पिवळी ५८७.६ ला. म्हणजे फरक दीड नॅनोमीटरचासुद्धा नाही. कॉलेजच्या स्पेक्ट्रोमीटरवर, इंचाला १५,००० रेषांचं ग्रेटिंग (प्रकाश फोडणारी रेघारेघांची पट्टी) लावून, अंधाऱ्या खोलीत निवांत बसून आमची पोरं सोडियमच्या दोन रेषा वेगळ्या करून दाखवतात आणि त्यात तिसरीही वेगळी दिसू शकते, पण त्यासाठी मोजायला वेळ पाहिजे, फट बारीक पाहिजे, शेजारी तुलनेला सोडियमची ज्योत पाहिजे. आणि इथे पाच मिनिटांत ढग, घाई, अंधार, पुन्हा सगळ्या रेषांच्या जागा नोंदवायच्या. शिवाय माणसाला जे माहीत असतं तेच दिसतं.

जान्सेनची खरी कामगिरी वेगळी होती आणि माझ्या मते ती हेलियमपेक्षा मोठी आहे. ग्रहणात त्या रेषा इतक्या झगझगीत दिसल्या की त्याच्या डोक्यात आलं, या बघायला ग्रहण कशाला पाहिजे? दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरला सूर्य उगवल्यावर त्याने स्पेक्ट्रोस्कोपची फट सूर्याच्या कडेवर लावली आणि भर उन्हात त्याला ज्वालांच्या रेषा दिसल्या. तोपर्यंत ज्वाला बघायच्या तर ग्रहणाची वाट बघायची, कुठल्या तरी देशात जायचं, आणि नशीब असेल तर पाच मिनिटं. ते सगळं एका दिवसात संपलं.

लॉकियर इकडे लंडनमध्ये, वय ३२, युद्ध खात्यात कारकून. हो, कारकून, खगोलशास्त्र हा त्याचा ऑफिस सुटल्यावरचा उद्योग. हीच कल्पना त्याला १८६६ पासून सुचलेली होती पण पुरेसा चांगला स्पेक्ट्रोस्कोप बनवून मिळेना, काम रेंगाळत गेलं आणि यंत्र हातात आलं ते १६ ऑक्टोबर १८६८ ला. चारच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, त्याला लंडनमधूनच ज्वालांच्या रेषा दिसल्या. ग्रहण नाही, विजयदुर्ग नाही, काही नाही.

ही युक्ती चालते कशी ते मुलांना नक्की समजावा, कारण सगळ्या गोष्टीतला खरा विज्ञानाचा भाग हाच आहे. एरवी ज्वाला दिसत नाहीत कारण आपल्या हवेत विखुरलेला सूर्यप्रकाश त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. पण त्या विखुरलेल्या प्रकाशात सगळे रंग सलग असतात, लोलक वाढवत गेलं की तो पसरत जातो आणि पसरला की फिका होतो. ज्वालांचा प्रकाश मोजक्या तीनचार रेषांतच असतो, त्या एकमेकींपासून लांब जातात पण स्वतः पसरत नाहीत. कुळथाची पिठी ताटात ओतली की पसरून पातळ होते पण त्यातली मिरची आहे तेवढीच राहते, तसं. लोलक पुरेसे असले की पार्श्वभूमी इतकी फिकी होते की रेषा उठून दिसतात. म्हणून लॉकियर चांगल्या यंत्रासाठी अडून बसला होता, दुर्बीण मोठी असून इथे उपयोग नाही.

मग योगायोग बघा. जान्सेनचं पत्र हिंदुस्थानातून बोटीने पॅरिसला, लॉकियरचं जवळच लंडनहून, आणि दोन्ही पत्रं फ्रेंच अकादमीपुढे एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ ला वाचली गेली. भांडण व्हायला एवढं पुरेसं होतं, पण झालं नाही, उलट फ्रेंचांनी १८७२ मध्ये दोघांची तोंडं कोरलेलं एकच पदक काढलं. पदक कशासाठी होतं, तर ग्रहणाशिवाय ज्वाला बघण्याच्या पद्धतीसाठी. पुढे लोकांनी तेच हेलियमचं श्रेय म्हणून दोघांत वाटून टाकलं.

आता लॉकियरला फुरसत होती. रोज सूर्य निघाला (लंडनमध्ये, म्हणजे रोज नव्हेच, पण असो) की बघता येत होतं, मोजता येत होतं. आणि मोजल्यावर कळलं की पिवळी रेषा डीशी जुळत नाही. तिला डी-थ्री नाव पडलं. एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाला घेऊन बघितला, कारण एकच वायू दाब-तापमान बदललं की रेषा बदलतो हे माहीत होतं, पण ती पिवळी काही निघेना. मग हे नवीन मूलद्रव्य असं लॉकियर म्हणायला लागला, फ्रँकलंडला ते फारसं पटलेलं नव्हतं. हेलियम हे नाव छापील स्वरूपात आलं ते १८७१ मध्ये विल्यम थॉमसनच्या, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनच्या भाषणात.

पुढची चोवीस वर्षं लोकांनी लॉकियरची थट्टाच केली म्हणा ना, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. मेंडेलीफच्या १८६९ च्या तक्त्यात या मूलद्रव्याला जागा नव्हती. बरं, सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात लोखंड, सोडियम, कॅल्शियम सगळ्यांच्या काळ्या रेषा दिसतात, या भावाची काळी रेषाच दिसत नाही. एक चतुर्थांश सूर्य हेलियमचा आहे हे आज आपल्याला माहीत आहे आणि तरी काळी रेषा का नाही? कारण त्या पिवळ्या रेषेच्या जागी काळी रेषा उमटवायला हेलियमच्या अणूला आधी प्रचंड ऊर्जा देऊन वर चढवावं लागतं, सुमारे २१ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग ५,८०० अंश केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे त्या मानाने थंडच. वरच्या वर्णावरणात, म्हणजे पृष्ठभागावरच्या वायूच्या पातळ थरात, आणि ज्वालांत मात्र ते जमतं. १८७० मध्ये हे कुणाला समजावून सांगता येणार नव्हतं, अणूच्या आत काय आहे हेच माहीत नव्हतं.

दुसरं म्हणजे असल्या "नवीन" मूलद्रव्यांचं तेव्हा पीकच आलं होतं. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात, म्हणजे खग्रासात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभेत, ५३०.३ नॅनोमीटरला हिरवी रेषा दिसली, झालं, तिला कोरोनियम नावाचं मूलद्रव्य दिलं. तेजोमेघांत ५००.७ ला हिरवट रेषा, तिचं नेब्युलियम. दोन्ही पुढे फुसके निघाले. नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गेलेला ऑक्सिजन, हे १९२७ मध्ये बोवेनने दाखवलं, आणि कोरोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गेलेलं लोखंड, ते कळायला जवळजवळ १९४० उजाडलं. पद्धत तीच, तर्क तोच, ओळखीची नसलेली रेषा म्हणून नवीन मूलद्रव्य. तिघांतलं एक खरं निघालं. म्हणून लॉकियर द्रष्टा होता वगैरे मी म्हणत नाही, त्याने चांगलं मोजलं, हट्टाने धरून बसला आणि नशीबही त्याच्या बाजूने होतं.

निकाल लागला मार्च १८९५ मध्ये. लंडनला विल्यम रॅमझे आर्गॉनच्या मागे लागला होता, अमेरिकेत हिलेब्रँड नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला युरेनियमच्या खनिजातून एक सुस्त वायू मिळाला होता आणि त्याने तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता, हे रॅमझेला कळलं. त्याने क्लेव्हाइट नावाचं खनिज घेतलं, आम्लात घातलं, निघालेला वायू नळीत भरून वीज सोडली आणि आर्गॉनऐवजी लखलखीत पिवळी रेषा. क्रुक्सने मोजून सांगितलं की ही डी-थ्री. त्याच सुमारास स्वीडनमध्ये उप्साला इथे क्लेव्हे आणि लँगलेट यांनाही ती मिळाली. एवढ्यात जर्मनीत रुंगेने नवीनच काढलं, की प्रयोगशाळेतली रेषा दुहेरी आहे, तिच्याशेजारी एक फिकी जोडीदारीण आहे, मग सूर्यावरचीही दुहेरी दिसायला पाहिजे, नाहीतर दोन्ही एक कशावरून? पुन्हा दुर्बिणी सूर्याकडे, आणि त्याच वर्षी सूर्यावरचीही दुहेरी सापडली. मला हा प्रसंग फार आवडतो. सत्तावीस वर्षं वाट बघून हाताशी आलेल्या उत्तरालासुद्धा लोकांनी आणखी एक परीक्षा द्यायला लावली.

आता या आपल्या विजयदुर्गाकडे. लॉकियर आपल्या किनाऱ्यावर एकदा नाही, दोनदा आला. पहिल्यांदा १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाला, पण तो उतरला खाली आजच्या केरळात बेकलच्या किल्ल्यावर. तोही समुद्रकिनारीच किल्ला! म्हणजे १८६८ चं ग्रहण, १८७१ चा किनाऱ्यावरचा किल्ला आणि १८९८ चा विजयदुर्ग, लोकांच्या बोलण्यात हे तिन्ही मिसळलं तर नवल नाही. दुसऱ्यांदा २२ जानेवारी १८९८. आता तो कारकून नव्हता, आदल्याच वर्षी 'सर' झालेला, वय ६१, 'नेचर' या नियतकालिकाचा १८६९ पासूनचा संपादक. हे जानेवारीतलं ग्रहण, आकाश स्वच्छ, हवा कोरडी, आणि सावलीचा पट्टा आपल्या किनाऱ्यावर चढून घाट ओलांडून जेऊर, पुढे वऱ्हाडातून उत्तरेकडे बक्सरपर्यंत. खग्रास काळ फक्त दोन मिनिटांच्या आसपास. यावेळी विजयदुर्ग निवडण्यात काही वेडेपणा नव्हता. वाघोटणची खाडी म्हणजे बोटींना सुरक्षित बंदर, आंग्र्यांनी आणि मग धुळपांनी आरमार ठेवायला ती काय उगाच निवडली होती? एचएमएस मेल्पोमीन ही लढाऊ बोट तिथे आली, सामान थेट किल्ल्यात चढवता आलं, आणि तटाच्या आत मोकळी सपाट जागा, गर्दी नाही, पहारा ठेवायला सोपं.

कट्ट्यांचं कोडं इथे सुटतं. लॉकियरला यावेळी नुसतं डोळ्याने बघायचं नव्हतं, फोटो काढायचे होते, आणि तेही लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी. असा जड कॅमेरा जराही हलला की रेषा पुसट, म्हणून पक्क्या बांधकामाचे ओटे लागतात, दिशा धरून बांधलेले. किल्ल्यावरचे कट्टे माझ्या मते त्या छावणीचेच आहेत, कारण १८६८ ला किल्ल्यावर इतकी यंत्रं आणणारी मोहीमच नव्हती. आणि काम कोण करणार? बोटीवरचे अधिकारी आणि खलाशी! लॉकियरची ही पद्धतच होती. दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत त्याने बोटीच्या माणसांना असंच शिकवून तयार केलं होतं, तिकडे ऐनवेळी ढगांनी पाणी फिरवलं. विजयदुर्गाला खलाशांच्या टोळ्या पाडल्या, कुणी किरीटाचं चित्र काढायचं, कुणी तारे किती दिसतात ते बघायचं, कुणी जमिनीवरून धावणाऱ्या सावलीच्या पट्ट्यांकडे लक्ष ठेवायचं, कुणी सेकंद मोठ्याने मोजायचे, आणि आधी रंगीत तालमी. पुढे रॉयल सोसायटीत जो अहवाल छापला गेला त्यावर लॉकियरच्या जोडीला बोटीचा कॅप्टन चिझम-बॅटन आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर यांची नावं आहेत. हे पेडलर म्हणजे रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायांचे शिक्षक.

त्याच दिवशी जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नाएगमवाला आपली वेधशाळेची यंत्रं घेऊन बसले होते, शेजारी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल. वऱ्हाडात तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी किरीटाचा असा फोटो काढला की त्यात एक झोत सूर्यापासून फार लांबवर गेलेला दिसतो. एका दिवशी महाराष्ट्रात एवढी मंडळी, आणि आपल्याला त्यातलं एक नाव आठवतं, तेही चुकीच्या सालासाठी!

मग विजयदुर्गाचा हेलियमशी संबंधच नाही का? आहे ना. १८६८ ला लोकांकडे एक अनोळखी पिवळी रेषा होती. १८९८ ला खरं हेलियम नळीत भरलेलं होतं, त्याच्या सगळ्या रेषा प्रयोगशाळेत मोजता येत होत्या. खग्रास सुरू होताना आणि संपताना काही सेकंद वर्णावरणाचा वर्णपट झपकन चमकतो, त्याचे फोटो घेऊन एकेक रेषा ओळखायची, ही लोखंडाची, ही कॅल्शियमची, ही हेलियमची ४४७.१ ची, हे त्या काळचं ताजं काम होतं. त्या मोहिमेत आल्फ्रेड फाउलर नावाचा लॉकियरचा सहकारी होता. पुढे १९१२ मध्ये याच फाउलरने हायड्रोजन-हेलियमच्या मिश्रणात काही रेषा पाहिल्या आणि त्या हायड्रोजनच्या धरल्या, तेव्हा नील्स बोर म्हणाला की नाही, या एक इलेक्ट्रॉन गेलेल्या हेलियमच्या, आणि बोरचं अणूचं मॉडेल लोकांच्या गळी उतरायला याचा मोठा हात लागला. बारावीच्या पुस्तकातलं बोर मॉडेल आणि विजयदुर्गाला येऊन गेलेला एक माणूस, असा धागा आहे. "हेलियमची जन्मभूमी" असल्या पाटीपेक्षा मला हा जास्त भावतो, कारण यात कुठेही ताणावं लागत नाही.

बाई, तुमचा शेवटचा प्रश्न, की १८ ऑगस्टची सहल बंद करायची का. बंद कशाला? ग्रहण तर त्या दिवशी झालंच, आणि हेलियमची रेषा माणसाच्या डोळ्याला पहिल्यांदा दिसली तीही त्याच ग्रहणात आणि याच देशात, फक्त आपल्या किनाऱ्यावर नव्हे आणि ओळख न पटता. तसंच सांगा. त्या मुलीलाच उभं करून सांगायला लावा, तिने शोधलंय ते. पण माझं ऐकाल तर दुसरी सहल २२ जानेवारीला काढा. ऑगस्टमध्ये कट्ट्यांवर शेवाळ असतं, पोरं घसरतात, आणि आकाशात दाखवायला काही नसतं. जानेवारीत भर दुपारी ऊन पडलेलं असतं, एका पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून मागे पांढरा कागद धरला की सूर्याची प्रतिमा मिळते, कुणी सूर्याकडे थेट बघणार नाही एवढं सांभाळायचं.

आणि शाळेत जुनी सीडी, बुटाचा खोका आणि दोन ब्लेडची फट एवढ्यात वर्णपट दाखवता येतो. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका, सोडियमची पिवळी रेषा दिसेल, दोन आहेत पण या खोक्यात एकच दिसेल. मग मुलांना विचारा की हिच्यापासून दीड नॅनोमीटरवर दुसरी रेषा असती तर तुम्हाला वेगळी ओळखता आली असती का. नाहीच येत, खोका तेवढा बारीक बघतच नाही. पुढच्या वेळी तालुक्याच्या कॉलेजात आधी फोन करून जा, फिजिक्सच्या लॅबमध्ये सोडियमचा दिवा असतोच, हेलियमची नळी बऱ्याच ठिकाणी कपाटात पडून असते, दोन्ही एकाच फटीसमोर आलटून पालटून लावायला सांगा आणि प्रत्येक मुलाला स्वतः डोळा लावून रेषेची जागा लिहू दे, शेजाऱ्याची वही न बघता.